दहा यार्डांचा झिरो पुरत नाही

स्पर्धेच्या पिस्तुलाचा झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागावी अशी जुळणी, किती अंतरावर करावा, या प्रश्नाला हल्ली एक ठरीव उत्तर मिळते: जिथून सर्वांत जास्त गोळ्या झाडायच्या, तिथे. बहुतेक लक्ष्ये जवळ असतात, तेव्हा 10 यार्डांवर कागद लावा, 5 गोळ्या झाडा, पिस्तुलावरच्या रेड डॉट काचेतला ठिपका स्क्रू फिरवून छिद्रांवर आणून बसवा आणि सरावाला लागा. सल्ला सोपा आहे, काडतुसे वाचवणारा आहे, आणि जवळच्या कागदावर त्याचा निकाल देखणाही दिसतो. तरी तो चुकीचा आहे असे माझे ठाम मत आहे. मात्र तो ज्या कारणांनी सहसा खोडून काढला जातो, ती कारणेही बरीचशी कच्ची आहेत. 10 यार्ड की 25 यार्ड हा वाद दोन्ही बाजू गोळीच्या वाटेवरून घालतात, आणि गोळीची वाट या वादात फारसा फरक पाडत नाही हे दोघांच्याही लक्षात येत नाही. झिरोसाठी असे अंतर निवडायला हवे, की तिथे आपली चूक डोळ्यांना दिसेल, आणि जी दिसणार नाही ती पुढच्या अंतरांवर फुगणार नाही. असे अंतर 25 यार्डांचे आहे. ते का, हे आकड्यांनिशी मांडता येते.

'जिथे जास्त गोळ्या, तिथे झिरो' हा नियम मुळात ठरलेल्या अंतराच्या खेळांतून आला आहे, आणि तिथे तो निर्विवाद बरोबर आहे. महाराष्ट्राला परिचयाची पिस्तूल नेमबाजी ही याच जातीची. 10 मीटर एअर पिस्तुलाच्या कागदावर दहाचे वर्तुळ अवघे 11.5 मिमी व्यासाचे असते, आणि सगळ्या गोळ्या त्याच अंतरावरून जातात. तिथे झिरो दुसरीकडे करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत ज्या प्रकारात सुवर्ण मिळवले, त्या 25 मीटर पिस्तुलातही पल्ला नावातच ठरलेला आहे. पण ज्या खेळात एकाच पिस्तुलाने, एकाच झिरोवर, स्पर्धेच्या मध्ये स्क्रू न फिरवता निरनिराळ्या अंतरांवर नेम धरायचा असतो, तिथे हा नियम जसाच्या तसा उचलून नेता येत नाही. तिथे झिरो ही एक तडजोड असते, आणि तडजोड करताना कोणते अंतर किती वेळा येते एवढेच पाहून भागत नाही. कोणत्या अंतरावर चूक किती महाग पडते, हेही पाहावे लागते.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे बियांकी कप. होल्स्टर बनवणाऱ्या जॉन बियांकी यांच्या नावाने 1979 मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात, कोलंबियाच्या परिसरात, ही स्पर्धा सुरू झाली. तिच्यात चार प्रकार आहेत: प्रॅक्टिकल, बॅरिकेड, पडणाऱ्या प्लेट्स आणि सरकते लक्ष्य. प्रत्येकात 48 गोळ्या, एकूण 192. प्रत्येक गोळीला जास्तीत जास्त 10 गुण, म्हणजे पूर्ण गुण 1920. कागदी लक्ष्यावर दहाचे वर्तुळ 8 इंच व्यासाचे आणि त्याच्या आत 4 इंचांचे X चे वर्तुळ. अंतरे सहा: 10, 15, 20, 25, 35 आणि 50 यार्ड. डग कोनिग यांनी 1990 मध्ये पहिल्यांदा पूर्ण 1920 गुण मिळवले. ही उंची एकदा गाठली गेल्यावर वरच्या स्थानांचा निवाडा कोणाच्या किती गोळ्या X मध्ये बसल्या यावर होऊ लागतो. म्हणजे मिलिमीटरच्या हिशेबाला इथे खरोखर किंमत आहे.

आता या 192 गोळ्या अंतराप्रमाणे मांडून पाहू. 10 यार्डांवरून 48, 15 वरून 48, 20 वरून 24, 25 वरून 48, आणि 35 व 50 वरून प्रत्येकी 12. जवळच्या झिरोचा पुरस्कर्ता इथे बोट ठेवतो: निम्म्या गोळ्या 10 आणि 15 यार्डांवरून जातात, 50 यार्डांवरून सोळातली एकच. आकडे खरे आहेत, निष्कर्ष मात्र उलटा निघतो. 10 यार्डांवर X च्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे 51 मिमी असते आणि चांगला नेमबाज त्या अंतरावरून गोळ्या एकमेकींना चिकटून लावतो. 25 यार्डांच्या झिरोने तिथे गोळी 9 मिमी खाली बसली म्हणून एकही X जात नाही. 50 यार्डांवर वर्तुळ तेच, तेवढेच. हाताची थरथर मात्र कागदावर पाचपट होऊन उमटते. तिथे त्या 51 मिमीतला प्रत्येक मिलिमीटर हवा असतो. गुण जिथे मुबलक आहेत तिथे झिरो चोख ठेवायचा, आणि जिथे ते निसटतात तिथे दैवावर सोडायचे, हा व्यवहार तोट्याचा आहे.

गोळीच्या वाटेचा हिशेब मी टाळत नाही. 9 मिमीचे पिस्तूल घ्या, 124 ग्रेनची गोळी, तोंडाशी वेग सेकंदाला सुमारे 320 मीटर, आणि ठिपका नळीच्या मध्यरेषेपासून 25 मिमी वर. डोळा, ठिपका आणि लक्ष्य यांना जोडणाऱ्या रेषेला नेमरेषा म्हणू. 25 यार्डांवर झिरो केला तर गोळी 10 यार्डांवर नेमरेषेच्या सुमारे 9 मिमी खाली, 15 वर 4 मिमी खाली, 20 वर जवळजवळ रेषेवरच, 35 वर 5 मिमी खाली आणि 50 वर 30 मिमी खाली लागते. 10 यार्डांवर झिरो केला तर ती 15 वर 9 मिमी, 20 वर 17, 25 वर 22 आणि 35 वर 25 मिमी वर जाते, आणि 50 वर पुन्हा 14 मिमी वर येऊन टेकते. ज्यांना वाटते की जवळच्या झिरोने लांबचे नेम साफ बिघडतात, त्यांनी हा शेवटचा आकडा पाहावा: 50 यार्डांवर, निदान कागदी गणितात, 10 चा झिरो 25 च्या झिरोपेक्षा केंद्राच्या जवळ आहे. शिवाय 15 यार्डांवर झिरो केला तर 10 पासून 35 पर्यंत गोळी 6 मिमीच्या आत राहते आणि 50 वर 18 मिमी खाली लागते. म्हणजे निव्वळ वाटेवरून निकाल द्यायचा तर 15 यार्डच पहिला क्रमांक पटकावतील. हे मान्य करायला मला काहीच अडचण वाटत नाही. फरक 10-20 मिमीचे आहेत, आणि काडतूस बदलले, हात घामेजला, पकड जराशी सैल झाली की ते पुसले जातात. वाटेच्या आलेखावर कोणता झिरो सुंदर दिसतो यावर तास घालवणाऱ्यांनी वादातला सर्वांत लहान तुकडा हातात धरला आहे.

मोठा तुकडा दुसराच आहे, आणि तो आलेखात येतच नाही, कारण आलेख फक्त उभी चूक दाखवतो. आडव्या चुकीला गुरुत्वाकर्षण नसते; ती सरळ रेषेत वाढत जाते. 10 यार्डांवर झिरो डावीकडे 5 मिमी चुकला तर 25 वर तो साडेबारा मिमी चुकतो आणि 50 वर 25 मिमी. X ची निम्मी त्रिज्या एका न दिसलेल्या चुकीने खाल्ली. आणि 5 मिमीची चूक 10 यार्डांवर दिसते का? दिसत नाही. 9 मिमीच्या पाच गोळ्या त्या अंतरावरून एकमेकींवर बसतात, कागदाला एक फाटके भगदाड पडते, आणि त्याचा मध्य डोळ्याने ठरवताना अर्ध्या छिद्राएवढी गफलत सहज होते. बहुतेक रेड डॉटच्या स्क्रूचा एक क्लिक म्हणजे एक मिनिट कोन, अंशाचा साठावा भाग. 10 यार्डांवर तो पावणेतीन मिमी भरतो, म्हणजे छिद्राच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. एक क्लिक जास्त झाला की कमी, हे त्या भगदाडाकडे पाहून कोण सांगेल? 25 यार्डांवर छिद्रे सुटी पडतात, पट्टी लावून एकेक मोजता येतात, आणि एक क्लिक साडेसहा मिमी हलतो. तिथे तेवढ्याच 5 मिमीची गफलत राहिली तर 50 वर तिचे फक्त 10 होतात, आणि 10 यार्डांवर ती 2 मिमीवर येते. चूक राहायचीच असेल, तर ती जवळ येताना आटणारी असावी. लांब जाताना फुगणारी नको.

अशाच जातीची आणखी एक चूक रेड डॉटच्या काचेत लपलेली असते. ठिपका काचेच्या मधोमध न येता 5 मिमी बाजूला राहिला, तर नेमरेषाही साधारण तेवढीच बाजूला सरकते, आणि हे सरकणे अंतराप्रमाणे वाढत नाही. 10 यार्डांवर 5 मिमी, 50 वरही साधारण 5 मिमी. म्हणून अनेक जण तिला क्षुल्लक समजतात. पण झिरो करताना मान थोडी कलली आणि ती 5 मिमीची चूक 10 यार्डांवर क्लिक फिरवून 'दुरुस्त' केली, तर ती कोनात बांधली जाते, आणि मग 50 वर तिचे 25 मिमी होतात. जी चूक मुळात वाढत नव्हती, तिला वाढायला आपणच शिकवले. 25 यार्डांवर हीच दुरुस्ती केली असती तर 50 वरचे नुकसान 10 मिमीवर थांबले असते.

25 यार्डांच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. वर सांगितलेल्या पिस्तुलाची गोळी 25 यार्डांच्या आसपास नेमरेषेला जवळजवळ समांतर धावत असते. 10 यार्डांच्या झिरोत ती नेमरेषेला तिरपी छेदते आणि त्या ठिकाणी दर यार्डाला सुमारे 2 मिमी वर चढत असते. म्हणजे कागद 10 ऐवजी 9 यार्डांवर टांगला गेला, किंवा नेमबाज अर्धे पाऊल मागे उभा राहिला, तर त्याची किंमत झिरोत मोजावी लागते, आणि ती पुढे अडीचपट, पाचपट होते. 25 यार्डांवर कागद दोन-तीन यार्ड पुढेमागे झाला तरी उभ्या झिरोत एक मिलिमीटरचाही फरक पडत नाही. ज्या ठिकाणी मोजमाप करणाऱ्याची ढिलाई मोजमापात उतरत नाही ते ठिकाण मोजमापासाठी निवडणे, ही कुठल्याही कारागिराची साधी समज आहे. त्यातच 25 च्या झिरोत गोळी नेमरेषेच्या वर कधी जातच नाही. ती रेषेवर असते किंवा खाली. स्पर्धेच्या घाईत नेमबाजाला एवढेच आठवावे लागते: लांब असेल तर जरा वर धर. 10 च्या झिरोत मधल्या अंतरांवर खाली धरायचे, 50 वर पुन्हा जवळपास मध्यावर, असा चढउतार डोक्यात बाळगावा लागतो, आणि सात-आठ सेकंदांच्या मुदतीत तो कोणाला नीट आठवत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: "25 यार्डांवर माझा ग्रुप इतका पसरतो की त्याचा मध्य कुठे धरायचा तेच कळत नाही; 10 वर निदान स्वच्छ ग्रुप मिळतो." या आक्षेपामागचा अनुभव खरा आहे, पण त्यातून दिसते ते उलटेच. हाताची आणि पिस्तुलाची पसरण कोनात असते. ज्याच्या गोळ्या 25 यार्डांवर मध्यापासून दर दिशेला साधारण 30 मिमीच्या प्रमाणित विचलनाने विखुरतात, त्याच्या त्या 10 वर 12 मिमीने विखुरतात. पाच गोळ्यांच्या सरासरीत 25 यार्डांवर सुमारे 13 मिमीची अनिश्चितता उरते, 10 वर सुमारे 5 ची. कोनात दोन्ही एकच, दोन क्लिकची. 10 यार्डांवरचा नीटस ग्रुप म्हणजे त्याच अनिश्चिततेचे लहान आकारातले चित्र, आणि ते लहान असल्यामुळे नेमबाज पाच गोळ्यांवर समाधान मानून उठतो. 25 यार्डांवरचा विस्कटलेला कागद त्याला उठू देत नाही. तो आणखी गोळ्या मागतो, आणि उपाय तोच आहे: 20 गोळ्यांची सरासरी अनिश्चितता निम्म्यावर आणते, म्हणजे सुमारे एका क्लिकवर. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवले तर पसरण आणखी घटते. टेकूवरचा झिरो आणि उभ्याने दोन्ही हातांनी धरलेला झिरो काहींचा थोडा वेगळा येतो, हे खरे. म्हणून क्लिक टेकूवर बसवावेत आणि शेवटची खातरजमा उभे राहूनच करावी.

मग थेट 50 यार्डांवरच झिरो का करू नये? ज्याच्याकडे तेवढा पल्ला, भक्कम टेकू, पारखलेली काडतुसे आणि शांत हवा आहे, त्याने जरूर करावा. त्याच्याशी माझा वाद नाही. बाकीच्यांनी 25 वर बसवावा आणि 50 वर तपासावा. 50 वर गोळी अपेक्षित 30 मिमीपेक्षा बरीच खाली किंवा बाजूला लागली तर चूक 25 च्या कामात आहे हे कळते, आणि ते कळण्यासाठीच 50 वरच्या गोळ्या खर्चायच्या असतात.

दुसरा आक्षेप प्रॅक्टिकल शूटिंगमधून येतो, आणि तो ऐकायला बिनतोड वाटतो. 1976 मध्ये कोलंबियातच स्थापन झालेल्या आयपीएससी संघटनेच्या आणि तिच्या अमेरिकी शाखेच्या, म्हणजे यूएसपीएसएच्या, स्पर्धांत लक्ष्ये अगदी 3 यार्डांवरही असतात. त्यांचा अर्धा भाग काळ्या रंगाने झाकलेला, शेजारी पांढरे 'मारू नका' लक्ष्य, आणि त्याला गोळी लागली तर 10 गुणांचा दंड. "तिथे गोळी खाली गेली तर?" जाईलच, कारण ठिपका नळीच्या वर असतो आणि इतक्या जवळ कोणताही झिरो ते अंतर भरून काढू शकत नाही. 3 यार्डांवर 25 च्या झिरोने गोळी सुमारे 19 मिमी खाली लागते आणि 10 च्या झिरोने सुमारे 17. जवळच्या लक्ष्यांसाठी म्हणून जवळचा झिरो करणाऱ्याने कमावले काय, तर दोन मिलिमीटर. त्यासाठी त्याने 25 यार्डांवरच्या स्टीलच्या प्लेटवर 22 मिमीचा फरक पत्करला. 3 यार्डांवर ठिपका थोडा वर धरण्याचा सराव दोघांनाही करावा लागतो.

राहिली अडचण जागेची. अनेकांना बंदिस्त चांदमारीचा 10-15 यार्डांचाच पल्ला मिळतो. त्यांनी 10 यार्डांवर झिरो करताना गोळ्या ठिपक्यावर आणू नयेत. वरच्या हिशेबाने 9 मिमी खाली ठेवाव्यात. मात्र हा आकडा सर्वांचा नाही. ठिपका नळीच्या 40 मिमी वर असेल तर तो 18 मिमी होतो, आणि 147 ग्रेनच्या संथ गोळीला पुन्हा वेगळा. शिवाय आडव्या चुकीवर या युक्तीचा काहीच इलाज चालत नाही. म्हणून याला कामचलाऊ झिरोच म्हणावे, आणि 25 यार्डांची जागा मिळाल्यावर सगळे पहिल्यापासून तपासावे.

पुढच्या स्पर्धेआधी एक सकाळ 25 यार्डांवर काढा. ज्या काडतुसांनी स्पर्धा खेळणार त्यांच्याच 20 गोळ्या टेकूवरून, ठिपका काचेच्या मधोमध ठेवून झाडा. छिद्रे पट्टीने मोजा, सरासरी काढा, मगच क्लिक फिरवा. मग 10 गोळ्या उभ्याने, आणि जागा असेल तर 10 गोळ्या 50 यार्डांवर. सर्वांत शेवटी 10 यार्डांवर जा आणि गोळी ठिपक्याच्या किती खाली लागते ते वहीत लिहून ठेवा. ती 9 मिमी खाली लागली तर स्क्रूला हात लावू नका.